गतिरोधक होता तिथे

रामहरी गुरुजी आंघोळ उरकून, धुतलेला नेहरू शर्ट घालून, पायांत मोजे चढवून हॉलमधल्या खुर्चीत बसले होते आणि दारावरची बेल वाजत नव्हती. अशा दिवशी महिपती हवालदार दूधवाल्याच्याही आधी यायचा. जिना चढताना खोकायचा, आणि त्या खोकल्यावरूनच गुरुजी उठून चष्मा पुसायला घ्यायचे. आज दूध येऊन तापवून झालं होतं, समोरच्या ब्लॉकमधली मुलगी क्लासला निघून गेली होती आणि जिन्यात कोणी खोकलं नव्हतं. दिवस तर तोच होता. परदेशी सायकलपटूंची शर्यत आज बारामतीवरून इंदापूरकडे जायची होती. महिनाभर गावाची घासपूस चालली होती. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लागला होता, चौकातल्या वडापावच्या आणि फळांच्या गाड्या हलवल्या होत्या, भटकी कुत्री कुठल्याशा गाडीत घालून नेली होती. ती कुठं नेली हे कोणी विचारलं नाही, तसंच गाडीवाले कुठं गेले हेही कोणी विचारलं नाही. एवढी सगळी व्यवस्था करणाऱ्यांना रामहरी गुरुजींचा विसर पडावा, हे काही त्यांना पटत नव्हतं.

हा रिवाज त्यांच्या निवृत्तीपासूनचा. कमी पटाच्या शाळा बंद करायचं निघालं तेव्हा गुरुजींनी जाहीर केलं होतं की, उद्या मंत्र्यांच्या गाडीसमोर काळं फडकं दाखवणार. सकाळी महिपती दारात हजर. “चला गुरुजी, साहेबांनी चहाला बोलावलंय.” पोलीस ठाण्यात खिडकीखाली बाकडं होतं. त्यावर बसायचं, चहा प्यायचा, पोहे खायचे, मंत्री हद्दीबाहेर गेले की सही करून घरी यायचं. त्यानंतर कालव्याचं पाणी झालं, शिक्षकांच्या रिकाम्या जागा झाल्या, आणि दर वेळी पुढारी येण्याआधी महिपती येत गेला. पुढं पुढं गुरुजींना त्या बाकड्याची सवय झाली. एका शिपायाच्या पोरीला अपूर्णांक कळत नव्हते. तिला त्यांनी तिथंच पारले बिस्किटं मोडून अपूर्णांक शिकवले, आणि पाव म्हणजे काय हे तिला कळलं तेव्हा ती ज्या तऱ्हेनं हसली, ते आठवून ते पुढचे दोन दिवस खुशीत होते. गावात लोक त्यांना आंदोलनवाले गुरुजी म्हणायचे. मंत्री यायचे असले की वाण्याच्या दुकानात हमखास कोणीतरी विचारायचं, “काय गुरुजी, आज बाहेर कसे?” तेही हसायचे. त्यात आपल्याला थोडा मान मिळतो, असं त्यांना वाटायचं.

त्यांनी खिशात हात घातला. काळं फडकं होतं. त्यांच्या पत्नी सिंधुबाईंच्या जुन्या परकराचं, चौघडी घालून ठेवलेलं. ते त्यांनी मांडीवर ठेवलं आणि उलगडलं, आणि उलगडताना काहीतरी नवखं दिसलं. घडीवर कापड विटून तांबूस झालं होतं, आडवी आणि उभी अशा दोन रेषा, मधोमध एकमेकींना छेदणाऱ्या. इतक्या वर्षांत हे फडकं कधी उलगडलंच नव्हतं. खिशात घालून ठाण्यात गेलं होतं आणि खिशातूनच परत आलं होतं. जिन्याची एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं गुरुजींना एकदम झालं. महिपती आला नसता तर आपण काय केलं असतं? मंत्र्यांच्या गाडीपुढं खरंच उभे राहिलो असतो? पाय उचलला असता? ते स्वतःच्या पायांकडं बघत राहिले. मोज्यांतले पाय, म्हाताऱ्या माणसाचे, पुढं काय करतील याचा काही पत्ता लागू न देणारे. एखाद्या मुलाला वर्षभर फळ्यापाशी बोलवावं आणि तो उठायच्या आत दर वेळी घंटा व्हावी, तर त्याला गणित येतं की नाही, हे कसं कळणार? मास्तरालाही कळणार नाही आणि त्या मुलालाही कळणार नाही. मुलगा मात्र सगळ्यांना सांगत फिरेल की मला येत होतं, घंटा झाली.

आणि या खेपेची गोष्ट वेगळी होती. मंत्री येतात, जातात. शर्यतीसाठी सडक नवी केली तेव्हा कळंबच्या अलीकडं एका वस्तीवरच्या शाळेसमोरचा गतिरोधक उखडला होता. सायकली अडखळू नयेत म्हणून वाटेतले सगळेच काढले, तसा तोही काढला. गुरुजींनी त्या शाळेत अकरा वर्षं काढली होती. ते बांधकाम खात्याच्या कार्यालयात जाऊन आले. तिथला माणूस सज्जन होता, त्यांना खुर्ची देऊन म्हणाला, शर्यत होऊ द्या, मग बघू, आत्ता देशाच्या इज्जतीचा प्रश्न आहे. नंतर कधी, असं विचारल्यावर त्यानं पंख्याकडं बघितलं. तेव्हा गुरुजींनी वाण्याच्या दुकानात, सलूनमध्ये, देवळाच्या पारावर सांगून टाकलं होतं की शर्यतीच्या दिवशी मी त्या जागी उभा राहणार. सांगताना मनात कुठंतरी महिपतीचा खोकला ऐकू येतच होता, हे आता त्यांना उमगलं.

स्वयंपाकघरातून सिंधुबाई बाहेर आल्या. गुडघ्यावर हात ठेवून त्या समोरच्या दिवाणावर टेकल्या आणि त्यांनी मांडीवरच्या फडक्याकडं पाहिलं.

“वाट बघताय व्हय?”

“आला न्हाय अजून महिपती. बंदोबस्ताला गेला आसंल.”

“येणार न्हाय त्यो.” त्यांनी पदरानं चेहरा पुसला. “परवा गेला हुता ऋषिराजच्या शोरूमात. ऋषिराजनं त्याला सांगितलंय, आबांची जबाबदारी माझी. घराबाहेर पडू देत न्हाय. सही बी करून दिली म्हणं.”

ऋषिराज ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला होता, चांगला मुलगा, बापाला बाकड्यावर बसवून ठेवतात याची त्याला लाज वाटायची, आणि लाजेपेक्षा काळजी जास्त. काल रात्री त्यानं स्वतः येऊन त्यांच्या पायांना तेल चोळलं होतं. उद्या थंडी फार आहे आबा, घरीच टीव्हीवर शर्यत बघा, असं म्हणाला होता. गुरुजींना शाळेतली एक गोष्ट आठवली. दंगेखोर पोराच्या बापाला बोलावून ते सही घ्यायचे, की आमचा पाल्य यापुढे नीट वागेल. बाप अंगठा उठवायचा आणि पोरगं दाराआड उभं राहून ऐकायचं. त्या पोराच्या चेहऱ्यावर काय असायचं, ते त्यांनी कधी निरखून पाहिलं नव्हतं. आता त्यांना तो चेहरा आतून जाणवत होता. राग नव्हता. आपण या खोलीत नाहीच आणि आपल्याबद्दल दोन माणसं बोलतायत, असं काहीतरी.

“मग बसतो घरी,” ते म्हणाले. आवाजातली सुटका त्यांना स्वतःलाच ऐकू आली.

सिंधुबाईंनी दिवाणावरच्या चादरीची सुरकुती हातानं सारखी केली. मग म्हणाल्या, “दर खेपंला जाता आन् चा पिऊन येता. मी काय बोलले कधी? म्हटलं, रमत्यात तितं, रमू द्यावं. पर त्या सडकंवर गेलेल्या मोनाला मी बी वळखत हुते. माझ्या हातची शेंगदाण्याची चटणी मागायची.” त्या उठल्या, गुडघा कुरकुरला. “मला आता झोप लागणार हाय. दार कुणी उघडलं आन् कवा उघडलं, मला कळायचं न्हाय. जायचं आसंल तर जावा. पर चा पिऊन येऊ नका.”

त्या आत गेल्या आणि खरोखरच त्यांनी कॉटवर पडून अंगावर वाकळ ओढून घेतली. गुरुजी खुर्चीतून उठले. फडकं त्यांनी खुर्चीच्या हातावरच ठेवलं. आज त्याचं काम नव्हतं, आज कोणाचा निषेध करायचा नव्हता, एका ठिकाणी जाऊन उभं राहायचं होतं. मग बूट आणि मफलर चढवून, दार उघडून ते जिना उतरले. वॉचमननं सलाम केला. त्याला कोणी काही सांगितलेलं दिसत नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मोज्यांतला, मफलरमधला हा म्हातारा त्याला अडवण्याजोगा वाटला नसेल.

रस्ता बंद व्हायच्या आधीची कळंबकडं जाणारी शेवटची एसटी त्यांना मिळाली. काच फुटलेल्या खिडकीतून बोचरा वारा येत होता आणि बाहेर दोन्ही बाजूंनी ऊस मागं पळत होता, तुटलेला, उभा, पुन्हा तुटलेला. गाडी इतकी गुळगुळीत चालली होती की गुरुजींना अस्वस्थ वाटायला लागलं. या सडकेचा प्रत्येक खड्डा त्यांच्या कमरेला पाठ होता. अमुक गचका बसला की ओढा आला, तमुक बसला की पुढं वडाचं झाड. आता काहीच येत नव्हतं. खिशात फोन वाजला. ऋषिराज होता. कुठं आहात आबा, असं त्यानं हळू आवाजात विचारलं आणि गुरुजींनी खरं ते सांगितलं. मग बराच वेळ तिकडून शोरूममधला रेडिओ ऐकू येत राहिला. तुमच्या जिवाला काही झालं तर, असं म्हणून ऋषिराज थांबला. गुरुजींनी त्याला सांगितलं की, तू सही केलीस ती काळजीनं केलीस, मला समजतं, पण बाळा, मी सज्ञान आहे. आपण हे वाक्य मुलाला म्हणतोय याचं त्यांना थोडं हसूही आलं.

गुरुजी त्या शाळेत होते तेव्हा मोना तिसरीत होती. नाकीडोळी काही विशेष नाही, पण प्रश्न फार विचारायची. ढगात पाणी असतं तर ते सांडत कसं नाही गुरुजी, असले. तिची आई सारजा शाळेच्या पलीकडं, सडकेच्या त्या अंगाला राहायची. त्या अंगाची पोरं रोज सडक ओलांडून यायची आणि गुरुजी सकाळी सडकेच्या कडेला उभे राहून त्यांना हाताला धरून आणायचे. त्या दिवशीही आणलं होतं. मधल्या सुट्टीत ती एकटीच घरी पळाली, पाटी राहिली म्हणून, आणि भाजीचा टेम्पो आला. टेम्पोवाला थांबला होता, पळून गेला नव्हता. तो रस्त्यात बसून डोक्यात माती घालून घेत होता, हे गुरुजींना अजून आठवत होतं. मग वस्ती सडकेवर बसली. अधिकारी म्हणाले, राज्याच्या रस्त्यावर असा गतिरोधक टाकता येत नाही. तेव्हा लोकांनी रातोरात मुरूम आणि दगड टाकून तो स्वतःच केला, ओबडधोबड, एका बाजूला उंच. काही महिन्यांनी खात्याची माणसं आली आणि त्यांनी काही न बोलता त्यावर डांबर ओतलं. पावसाळ्यात गुरुजी चौथीच्या वर्गाला कडेला उभं करून त्या उंचवट्यावरून पाणी दोन्हीकडं कसं वाटलं जातं ते दाखवायचे. हा आपला सह्याद्री, इकडचं पाणी कोकणात, तिकडचं आपल्या भीमेला. पोरांच्या पेपरात सह्याद्रीच्या चित्रावर एखादं मोटारसायकलचं चाक काढलेलं असायचं.

एसटीतून उतरल्यावर ते सडकेच्या कडेला उभे राहिले आणि त्यांना ती जागा सापडेना. काळीभोर सडक, मधे पांढरी रेघ, दोन्हीकडं सारखी. शाळेचं फाटक मागं सरकवून नवं केलेलं. ते दहा पावलं पुढं गेले, पुन्हा मागं आले. बुटाच्या टाचेनं चाचपून पाहिलं. काहीच नाही. इतकं साफ काम या भागात त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, “हितं न्हाय गुरुजी. आणखी जरा खाली. हां, तितं.” सारजा होती. शाळेत पोरांची खिचडी तीच शिजवायची. पदर खोचलेला, केस पांढरे झालेले. “मला डोळं मिटून सांगता येतंय,” ती म्हणाली, आणि तिनं चपलेच्या टोकानं जागा दाखवली, जणू एखादं भांडं कुठं ठेवायचं ते दाखवावं, इतकं सहज.

पोरं सकाळपासून धुतलेल्या गणवेशात सडकेच्या कडेनं ओळीत उभी होती, हातांत कागदी झेंडे, काहींचे ओठ थंडीनं फुटलेले. खिचडी शर्यतीनंतर द्यायची असं वरून आलं होतं. स्वरूपा मॅडम, शाळेच्या आत्ताच्या बाई, गुरुजींना बघून लगबगीनं आल्या. त्यांनाही मोनाची हकीकत माहीत होती. त्यांनी अर्ज केला होता, फोटो पाठवले होते, नंतर बघू असं उत्तर आलं होतं. पण आज नको गुरुजी, असं त्या काकुळतीनं म्हणाल्या, माझी नोकरी नवी आहे, दोन्ही बाजूंना कॅमेरे आहेत, माझ्या शाळेसमोर काही झालं असं व्हायला नको. गुरुजी म्हणाले की तुमच्या शाळेसमोर आधीच झालंय, पण मी पोरांच्या ओळीत उभा राहणार नाही आणि पोरांच्या हातात काही देणार नाही, तुमचं नावही येऊ देणार नाही. फक्त गुंडाळी फळा द्या. बाईंनी मान हलवली नाही, पण कार्यालयाचं कुलूप काढून त्या तिथून बाजूला झाल्या.

गुरुजींनी फळा उलगडला, खडू घेतला. आधी त्यांच्या मनात आलं की इंग्रजीत लिहावं, परदेशातली माणसं येतायत, त्यांना कळेल. मग वाटलं, त्यांना कळून काय होणार, ज्यांना कळायला हवं ते इथलेच आहेत. फळ्यावर खडू टेकवल्यावर हात नेहमीसारखा स्थिर झाला. त्यांनी टपोऱ्या अक्षरात, पहिलीच्या वर्गासाठी काढायचे तशा, लिहिलं: इथे गतिरोधक होता. आमच्या मुलांना रस्ता ओलांडायचा आहे.

बंदोबस्ताला आलेला शिपाई दुसऱ्या जिल्ह्यातला, कोवळा. त्याला रामहरी गुरुजी कोण हे ठाऊक नव्हतं. त्यानं आजोबा म्हणून त्यांना एक प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली, एक झेंडाही दिला. मग त्याचं लक्ष फळ्याकडं गेलं आणि त्यानं तो दोनदा वाचला. “आबा, ह्ये खाली ठेवा. वरून हेलिकॉप्टर येतंय कॅमेऱ्याचं.” गुरुजी म्हणाले, हेलिकॉप्टरमधून खडूचं अक्षर वाचता येत नाही. शिपाई विचारात पडला. फळा उलटा करून धरा, असं त्यानं सुचवलं, आणि गुरुजींनी नकार दिल्यावर तो स्वतःच फळ्याच्या पुढं येऊन उभा राहिला. असे ते दोघं एकामागं एक उभे होते, तेव्हा लांबून मोटारसायकलींचे भोंगे ऐकू आले. मग एक सणसण आवाज, मोहोळ उठावं तसा, आणि सायकली आल्या. रंगीत पाठी, वाकलेले चेहरे, घामानं चमकणाऱ्या पोटऱ्या. गुरुजींना त्या पोरांचं कौतुक वाटलं. केवढी मेहनत. यांचा काय दोष, यांना कोणी सांगितलं असेल की तुमच्या चाकांसाठी काय काय उखडलंय? शिपाई मान वळवून बघत राहिला आणि त्याच्या खांद्यावरून फळा दिसत राहिला, पण बघणारं कोणी नव्हतं. श्वास घेऊन सोडावा एवढ्यात सगळं गेलं. मागच्या मोटारींवरच्या सायकली गेल्या, ॲम्ब्युलन्स गेली. एक पोरगी म्हणाली, “बाई, संपलं?”

जाता जाता एका सायकलवाल्यानं पाण्याची बाटली भिरकावली होती. ती सडकेच्या पलीकडं उसाच्या कडेला जाऊन पडली होती, निळी, झाकणाची. इकडं स्वरूपा मॅडम पोरांना ओळीनं आत घेत होत्या, तोवर ओळीच्या शेपटाकडची पाच-सहा पोरं सुटली आणि सडक ओलांडून बाटलीवर पडली. शिपायाच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. रस्ता खुला झाला होता. लांब वळणावर, सकाळपासून अडवून ठेवलेली वाहनं एकदम सुटली होती, पुढं मोटारी, मोटारींच्या मागं उसानं लादलेल्या ट्रॉल्या. तो आवाज गुरुजींनी ओळखला. आपण उभे आहोत हे त्यांच्या लक्षात आलं, आणि पुढं, आपण चाललो आहोत हे. पाय कसे उचलले गेले ते त्यांना नंतर कधी सांगता आलं नसतं. सारजानं दाखवलेल्या जागेवर, पांढऱ्या रेघेवर ते पोचले आणि त्यांनी फळा दोन्ही हातांनी छातीसमोर धरला. पहिली मोटार हॉर्न वाजवत आली, वाजवत राहिली, आणि मग टायरांचा वास त्यांच्या नाकात शिरला. मोटार थांबली होती. बॉनेटची ऊब गुडघ्यांना लागत होती. गुरुजींना आतून अगदी शांत वाटलं. गणित येत होतं.

“या रे,” त्यांनी न वळता हाक मारली. “पळायचं नाही. चालत या.”

पोरं बाटली घेऊन चालत आली आणि फाटकातून आत गेली. मोटारवाला काच खाली करून ओरडत होता. शिपाई धावत आला, त्याचा चेहरा पांढरा पडला होता. झालं की आता आबा, तो म्हणाला, पोरं गेली, शर्यत गेली, व्हा बाजूला. गुरुजी म्हणाले, पोरं रोज येतात. इथला गतिरोधक कधी करणार, तेवढं साहेबांना विचारा, ते तारीख सांगेपर्यंत मी इथंच आहे. मला हात लावायचा असेल तर लावा, मी प्रतिकार करणार नाही, पण आपण होऊन हलणार नाही. हे बोलताना त्यांचा आवाज वर्गातला होता. मागं ट्रॉल्यांची रांग वाढत चालली होती. शिपायानं वॉकीटॉकीवर काहीतरी सांगितलं, तिकडून काहीतरी खेकसणं झालं, आणि त्यानं खिशातून छोटी डायरी काढली. कारवाई करावी लागेल म्हणाला, आणि त्याच्या आवाजात विनवणी होती.

तेवढ्यात सारजा आली. हात पदराला पुसत आली आणि गुरुजींच्या शेजारी, सडकेवर, मांडी घालून बसली. शिपाई आणखीनच गोंधळला. त्यानं गुरुजींचं नाव लिहून घेतलं आणि तिच्याकडं वळला.

“मावशी, तुमचं नाव?”

“मोनाची आई लिवा.”

“कोण मोना?”

सारजा सडकेकडं बघत राहिली. गुरुजींनी फळा मोटारीच्या बॉनेटवर पसरला, काचेतून अक्षर नीट दिसेल असा, आणि तेही सारजाशेजारी खाली बसले. नवं डांबर उन्हानं कोमट झालं होतं.

“बसा बाळ,” ते शिपायाला म्हणाले. “सांगतो.”

शिपायानं मागं पाहिलं, पुढं पाहिलं. मोटारवाल्यानं हॉर्नवरचा हात काढला आणि मान बाहेर काढून फळा वाचायला लागला. त्याच्या मागं, एकामागून एक, इंजिनं बंद होत गेली.